घोडीला केक, गंधर्वाला गूळ

आमच्या साडूभाऊंना या सदराचे वाचक ओळखतात. गच्चीत मधमाश्या पाळून अर्ध्या सोसायटीची तोंडं सुजवली होती, ते हेच. त्यानंतर त्यांच्याविषयी इथे लिहायचं नाही, अशी मला घरातून सक्त ताकीद होती. पण गेल्या रविवारी त्यांनी घोडीच्या वाढदिवसाला बोलावलं आणि माझा नाइलाज झाला.

घोडीचं नाव राणी. वरातीत नाचून नाचून बिचारीचे पाय धरले, तेव्हा मालकाने तिला विकायला काढलं. साडूंनी ती ‘वाचवली’ आणि मुळशीकडच्या आपल्या प्लॉटवर नेऊन बांधली. एकटी झुरायला लागली म्हणून मागोमाग एक गाढवही वाचवण्यात आलं. त्याचा आवाज ऐकून साडूंनी त्याचं नाव गंधर्व ठेवलं. राणीची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसल्यामुळे ती प्लॉटवर आली तो दिवस वाढदिवस म्हणून धरला गेला.

निमंत्रणात ‘आहेर आणू नये’ असं होतं, त्यामुळे सगळ्यांनी आणला. कुणी गुळाची ढेप, कुणी पेढे, कुणी ग्लुकोज बिस्किटांचे पुडे. एक काकू आदल्या रात्रीच्या पोळ्या तूप लावून घेऊन आल्या होत्या. मधल्या टेबलावर गाजराचा केक, त्यावर पांढरं क्रीम आणि क्रीमवर चेरीचे डोळे. गंधर्वाने पाहुण्यांचा डोळा चुकवून गुळाच्या ढेपेचा मोठा लचका तोडला. ती म्हण रचणाऱ्याने गाढवाला गूळ कधी दिलाच नसावा.

तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर स्पीकर सुरू झाला. वरातीतलं गाणं लागलं, राणीने कान टवकारले आणि पुढचे पाय आळीपाळीने उचलायला सुरुवात केली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल बाहेर आले. साडू कौतुकाने म्हणाले, “बघा, किती खूश आहे!” खूश कसली? गाणं वाजलं की नाचायचं, हे तिच्या अंगात भिनवलेलं. पाय टेकताना कळ येत होती, ते तिच्या मानेच्या प्रत्येक झटक्यात दिसत होतं.

आणि मग फटफटीवरून नालबंद आला. साडूंनी त्याला मुद्दाम त्याच दिवशी बोलावलं होतं. पाहुण्यांना तेवढंच काहीतरी बघायला. खांद्याला पिशवी, पिशवीत हातोडी, कानस, खूर तासायची सुरी. त्याने आधी केककडे पाहिलं, मग पेढ्यांकडे, मग साडूंकडे. “साहेब, घोडी वाचवायला आणलीय ना?” एवढंच विचारून त्याने टेबल उचलायला लावलं आणि शेजारी जाऊन स्पीकर बंद करून आला. मी गेली कैक वर्षं सोसायटीतले स्पीकर बंद करायचा प्रयत्न करतोय. माणूस पाहताक्षणी आवडला.

त्याचं म्हणणं थोडक्यात सांगतो. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं बाधलं तर परत बाहेर यायची सोय नाही. पोटशुळाने धडधाकट घोडं रात्रीत जातं. गोडधोड आणि पीठ जास्त झालं तर खुराच्या आतला भाग सुजतो, आणि जनावराला उभं राहणं मुश्किल होतं. गाढवाचं मूळ आफ्रिकेतल्या कोरड्या, उजाड मुलखातलं. वाळल्या काडीवर जगण्यासाठी त्याचं शरीर घडलेलं. लॉनच्या कोवळ्या हिरवळीवर सोडलं की मानेवर चरबी चढते. शिवाय त्याच्या केसांवरून पाणी घोड्यासारखं निथळत नाही, अंगात मुरतं. त्याला मुळशीच्या पावसात ‘निसर्गात मोकळं’ ठेवायचा साडूंचा बेत होता.

“पाय देते का?” नालबंदाने राणीकडे बघत विचारलं.

“शेकहँड देते!” साडू म्हणाले. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी तिला हस्तांदोलन शिकवलं होतं. आता फुटबॉल शिकवणार होते.

नालबंदाने काही उत्तर दिलं नाही. राणीच्या खांद्यावर हात ठेवून तो नुसता उभा राहिला. मग हात हळूहळू खाली, गुडघ्यावरून खुरापर्यंत. तिने अंगाचा भार दुसऱ्या पायावर टाकला, पाय उचलला. त्याने तो क्षणभर धरला आणि ती हिसका द्यायच्या आत स्वतःच खाली ठेवला. पुन्हा तेच. मागच्या पायाला वेळ लागला, पण त्याला घाई नव्हती. पाहुण्यांना मात्र होती. बरेचसे मिसळीकडे वळले. मी थांबलो, कारण इतकं सुरेख शिकवणं मी शाळा-कॉलेजातही फारसं पाहिलेलं नाही. साडूंना गृहपाठ मिळाला: रोज खरारा, रोज चारी खुरं उचलून साफ करणं, दोरीवर फेरफटका, खुंट्याला शांत उभं राहणं. फुटबॉल रद्द.

गंधर्वाचा वर्ग त्याहून मजेदार. वाटेतल्या डबक्यापाशी तो थबकला. लगेच दोघं ओढायला, एक जण ढकलायला. नालबंदाने सगळ्यांना बाजूला केलं. घोडं भ्यालं की पळतं, गाढव भ्यालं की थांबतं आणि विचार करतं, आणि तेवढ्यावरून आपण त्याला हट्टी ठरवतो. गंधर्वाने डबकं हुंगलं, बराच वेळ न्याहाळलं आणि मग आरामात पलीकडे गेला. आमच्या सोसायटीच्या कमिटीने एखाद्या ठरावाचा इतका विचार केलेला मला आठवत नाही.

साडूंनी मग मनातलं गुपित फोडलं. पुढेमागे ही जोडी जमली तर घरचंच एक खेचर होईल, अशी त्यांना आशा होती. नालबंद गंभीरपणे म्हणाला, “साहेब, खेचराला बाप गाढव लागतो. ही गाढवीण आहे.” साडूंची उभी हयात बँकेत ऑडिट करण्यात गेली आहे. नाव मात्र त्यांनी बदललेलं नाही. गंधर्व म्हटल्यावर तसं बदलायचं कारणही नाही.

चहा पिताना नालबंद जेजुरीच्या बाजारावर आला. पौष पौर्णिमेला बंगाली पटांगणात गाढवांचा बाजार भरतो. कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी, वैदू असे सगळे तिथे येतात, दात बघून दुवान, चौवान, अखंड असा हिशोब होतो आणि गावठीपेक्षा काठेवाडी जनावर भाव खाऊन जातं. तो लहानपणी बापाबरोबर जायचा, तेव्हा पटांगणात पाय ठेवायला जागा नसायची. आता माती आणि विटा टेम्पो वाहतो. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 3 लाख 20 हजार गाढवं होती. 2019 च्या गणनेत उरली सुमारे 1 लाख 20 हजार. जनावरं गेली तशी नालबंदाची गिऱ्हाइकंही गेली. बैलांना पत्री ठोकून तो कसंबसं भागवतो. त्याचा मुलगा टायरच्या दुकानात कामाला आहे.

म्हणजे एकीकडे फार्महाउसवाल्यांना घोडी आणि गाढवं वाचवायची हौस आलीय, आणि दुसरीकडे त्यांचे खूर तासणारा माणूस कुणी वाचवत नाही. साडूंनी केकवर जेवढे पैसे घातले, तेवढ्यावरून नालबंदाशी मात्र शेवटपर्यंत घासाघीस केली. हे मी त्यांच्या तोंडावर बोललोय, त्यामुळे छापायला हरकत नाही.

वाचकांपैकी कुणाच्या मनात असं एखादं जनावर घरी आणायचं असेल, तर जरूर आणा. त्याच्यासारखी सोबत नाही. पण आधी कोरडा गोठा बांधा, वर्षभराच्या कडब्याची बेगमी करा, त्याला त्याच्या जातीचा सोबती बघा. आणि सगळ्यात आधी नालबंद शोधा. दर सहा-आठ आठवड्यांनी यायला तो तयार असेल आणि तो मागेल ते द्यायला तुम्ही तयार असाल, तरच पुढचं बोला.