एक टन उसात मुंबईचे नाटक



गेल्या वर्षी मे महिन्यात गडमुडशिंगीत हुमणीविषयी आमची चर्चासभा होती. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर भुंगेरे कसे जमतात, प्रकाश सापळा कसा लावायचा, एकट्याने न करता साऱ्या गावाने मिळून भुंगेरे का गोळा करायचे, हे सारे सांगून झाले. मग नेहमीप्रमाणे मी विचारले, "कुणाला काही शंका?"

मागे बसलेल्या बायकांतून एक वहिनी उठल्या. "सायेब, हुमणीचं कळालं. आता दुसरं इचारू का? मुंबईला जाऊन नाटक बघायचं झालं, तर काय काय करावं लागतंय?"

सगळी सभा हसली. एक म्हातारबाबा म्हणाले, "अगं, घरात टीव्ही हाय न्हवं? त्यात बघ की!" वहिनींचे मालक खाली मान घालून बसले. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

सभा संपल्यावर चहा घेताना त्यांनी सांगितले. त्यांचे वडील माहेरच्या गावात जत्रेच्या नाटकात दर वर्षी काम करायचे. पडदे भाड्याचे, बायकांच्या कामाला नटी कोल्हापूरहून आणायची, आणि तालीम शाळेच्या वऱ्हांड्यात. पुढे वडिलांना घशाचा आजार झाला. परळच्या दवाखान्यात उपचार आणि मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. एका संध्याकाळी बाप-लेक पाय मोकळे करायला निघाले ते शिवाजी मंदिरापर्यंत गेले. दारावर नाटकांचे फलक होते. वडिलांनी ते सगळे वाचले आणि म्हणाले, "बरा झालो की एकदा हितं आत बसून बघू." ते बरे झाले नाहीत.

"मुंबई मी दोनदा बघितली सायेब," वहिनी म्हणाल्या, "पण दोन्ही टायमाला दवाखान्यापुरती."

मंडळी, हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. आपण शहरात कशाला जातो? दवाखान्याला, कोर्टाच्या तारखेला, पोराच्या प्रवेशाला, नाहीतर कुणा साहेबाच्या सहीला. शहराची वाट आपण अडचणीतच धरतो. आनंदासाठी म्हणून नवरा-बायकोने एक दिवस शहरात जावे, हे आपल्या हिशेबातच नाही. त्या वहिनींना मी जी माहिती जमवून दिली, तीच आज सर्वांसाठी लिहितो.

पहिला प्रश्न पैशाचा. शयनयान डब्याचे कोल्हापूर-मुंबई तिकीट माणशी तीनशे-साडेतीनशेच्या घरात जाते. दोन माणसांचे जाऊन-येऊन तेराशे-चौदाशे धरा. नाटकाचे तिकीट साधारण तीनशे ते पाचशे. मधल्या दराची दोन घेतली तर आठशे. चहा, जेवण, टॅक्सी यांना सात-आठशे. एकूण तीन हजारांच्या आसपास. आपल्या जिल्ह्यात उसाला टनाला तीन हजारांवर दर मिळतो. म्हणजे एक टन उसात दोघांचे मुंबईला जाऊन नाटक बघणे होते. एकरी चाळीस-पन्नास टन काढणाऱ्याने वर्षातून एकदा एक टन स्वतःसाठी काढला, तर त्याला उधळपट्टी कोण म्हणेल?

दुसरा प्रश्न पैशापेक्षा अवघड. तो म्हणजे म्हैस. बाईमाणूस घराबाहेर पडू शकत नाही याचे खरे कारण पुष्कळ घरांत गोठ्यात असते. म्हैस हात ओळखते, परक्या हाताला पान्हा चोरते. पण यावर उपाय आहे. जाण्याच्या दहा-पंधरा दिवस आधीपासून जाऊबाई, दीर किंवा शेजारीण, जे कोण धार काढणार असेल त्याला शेजारी उभे करा. चार दिवस नुसते खुराक घालू द्या, मग एक वेळची धार, मग दोन्ही वेळची. जागा, वेळ, बादली आणि खुराक बदलू नका. पान्हा सोडावा म्हणून इंजेक्शन मात्र कुणी देऊ नका, ते जनावराला वाईट आणि कायद्यानेही गुन्हा. शुक्रवारी संध्याकाळची धार काढून निघालात आणि रविवारी सकाळी परत आलात, तर तुमच्या हातच्या तीनच धारा चुकतात. शनिवारच्या दोन आणि रविवार सकाळची एक.

आता दिवस कोणते धरावेत? पावसाळ्यात भांगलण आणि आडसाली लागणीची घाई असते. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन घरात येते आणि पुढे ऊसतोडीची चिठ्ठी कधी येईल याचा भरवसा नसतो. माझ्या मते ऊस कारखान्याला गेला, खोडव्याचे बुडखे छाटून झाले, पहिले खत-पाणी दिले, की फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन दिवस निघतात.

प्रवासाचे म्हणाल तर कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री सुटते आणि सकाळी मुंबईत पोहोचते. मुंबईच्या शेवटच्या स्थानकापर्यंत न जाता दादरला उतरावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकाच वेळी काढा, येतानाचे राहून गेले तर सारी हौस फिटते. नाटकांच्या जाहिराती मात्र चार-आठ दिवस आधीच येतात. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी गाडी, मग नाटक. अमुकच नाटक बघायचे असा हट्ट धरून गाडी शोधत बसू नका. शनिवार-रविवारी मुंबईत एकाच दिवशी अनेक मराठी नाटकांचे प्रयोग असतात, त्यातले आपल्याला रुचेल ते निवडावे.

जाहिरात मराठी वर्तमानपत्रात सापडते. त्यात नाटकाचे नाव, नाट्यगृह, वार आणि वेळ एवढेच असते, पण तेवढे पुरे. दुपारचा प्रयोग साडेतीन-चारच्या सुमाराचा धरा. तो सात-साडेसातपर्यंत आटोपतो आणि रात्रीची परतीची गाडी गाठता येते. गाडीची नेमकी वेळ आधी पाहून ठेवा आणि मध्ये दीड-दोन तास मोकळे ठेवा. तिकीट नाट्यगृहाच्या खिडकीवर मिळते, मोबाईलवरही काढता येते. ते घरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून काढून घ्या, त्यालाही बरे वाटेल.

खिडकीवर तिकीट घेताना तेथील माणूस खुर्च्यांचा नकाशा दाखवतो. त्याला 'प्लॅन' म्हणतात. बिचकू नका. रांगांना ए, बी, सी अशी अक्षरे असतात. अगदी पहिल्या रांगेत मान वर करून बसावे लागते. पाचव्या ते दहाव्या रांगेतली मधली खुर्ची उत्तम. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर आणखी पुढची घ्या. बाल्कनीचे तिकीट स्वस्त असते, तेथून चेहरे बारीक दिसतात, पण नाटक सगळे दिसते. त्यात कमीपणा काही नाही.

दादरचे शिवाजी मंदिर नवख्या माणसाला सर्वांत सोपे. १९६५ पासून तेथे नाटके होत आली आहेत. दादर स्टेशनच्या पश्चिम बाजूला उतरून प्लाझा सिनेमा कुठे म्हणून विचारा, त्याच्या समोरच. जिना चढावा लागतो, गुडघे दुखणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवून निघावे. सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जाणार असाल तर प्रभादेवीचे रवींद्र नाट्यमंदिर तेथून जवळ आहे. माटुंगा पश्चिमेला यशवंत नाट्यमंदिर आहे. मुंबई फार लांब वाटत असेल तर पुणे आहेच. तेथे बालगंधर्वांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, २६ जून १९६८ रोजी उघडलेले बालगंधर्व रंगमंदिर आहे.

आत गेल्यावर काय करायचे? तीन घंटा होतात. तिसरी घंटा झाली की अंधार होतो आणि पडदा उघडतो, म्हणून दुसऱ्या घंटेला आपल्या खुर्चीवर बसलेले असावे. मध्ये दहा-पंधरा मिनिटांची सुट्टी असते, तेव्हा चहा आणि बटाटेवडा बाहेर घ्यावा, आत खाऊ नये. तान्हे मूल रडले तर लगेच बाहेर न्यावे. पाटील असो की गडी, येथे कुणाला मानाची जागा नाही, ज्याच्या तिकिटावर जो आकडा, ती त्याची खुर्ची. कपडे स्वच्छ असले की झाले. धोतर-टोपी आणि नऊवारी लुगडे यांना कोणत्याही नाट्यगृहात मज्जाव नाही.

मोबाईलविषयी आपल्या लोकांना खास सांगणे आहे. अनेकांच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलेला असतो. शेतात लाईट आली की त्याचा फोन वाजतो. समोर नट रंगात आलेला आणि आपल्या खिशात मोटार ओरडतेय, असे होऊ देऊ नका. जाण्याआधी त्या स्टार्टरला भावाचा किंवा पोराचा नंबर जोडून द्या आणि आपला फोन बंद करून ठेवा. सिनेमातल्या नटाला आपला आवाज ऐकू जात नाही, नाटकातल्याला ऐकू जातो. आपण हसलो तर तो ऐकतो, आपण गप्प झालो तेही त्याला कळते. टीव्ही घरात असताना एवढ्या लांब का जायचे, याचे उत्तर यातच आहे. प्रयोग संपल्यावर आत जाऊन नटांना भेटण्याची आपल्याकडे रीत आहे. काम आवडले तर दोन शब्द सांगून यावे.

कुणी म्हणेल, ही शहरातल्या लोकांची करमणूक, आपला काय संबंध? तर इतिहास बघा. मराठी नाटकाचा आरंभ मुंबई-पुण्यात झालेला नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते आपल्या शेजारच्या सांगलीत. केशवराव भोसले कोल्हापूरचे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव यांनी मिळून टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला, त्याचे नाव आजही निघते. त्यानंतर तीन महिन्यांतच, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचे मैदान बांधले आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे केले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. महाराजांनी तालीम आणि नाटक शेजारी-शेजारी ठेवले. रयतेला दोन्ही लागते, हे त्यांना ठाऊक होते.

ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. मीही तेथे गेलो होतो. मनात आले, आपल्या गावापासून एवढ्या जवळ हे घर शंभरावर वर्षे उभे होते आणि मी इतक्या शेतकऱ्यांना इतकी शिबिरे दाखवली, पण एकालाही येथे घेऊन आलो नाही. जे आहे ते असेपर्यंत बघून घ्यावे, हा धडा मी त्या दिवशी घेतला. हौशी नाट्यसंस्थांसाठी राज्य नाट्य स्पर्धा भरते, तिचे कोल्हापूरला केंद्र असते आणि तिकीट अगदी नाममात्र असते. मुंबईचे जमत नसेल त्यांनी तेथून सुरुवात करावी. कोल्हापुरात प्रयोग कोठे आहेत, ते वर्तमानपत्रात पाहून जावे.

आता त्या वहिनींचे सांगतो. या फेब्रुवारीत ऊस गेला, बिल जमा झाले आणि दोघे खरोखरच जाऊन आले. धारेची जबाबदारी जाऊबाईंनी घेतली. मी खोडव्याचा प्लॉट बघायला गेलो तेव्हा विचारले, "कसे वाटले?"

"पडदा वर गेला आन् बघते तर भिंत कापडाची," वहिनी म्हणाल्या. "नटानं दार लावलं की सगळी भिंत हालायची. आमच्या आबांच्या नाटकात बी अशीच हालायची. मग मला काय परकं वाटलं न्हाई."

मालक जवळच उभे होते. सभेत मान खाली घालणारे ते गृहस्थ म्हणाले, "सायेब, म्होरल्या साली चौघं जाणार हाय. भाऊ आन् वहिनीलाबी न्यायचं हाय. तवा धार कुणी काढायची तेवढं सांगा."

म्हशीचे विचाराल, तर पहिल्या वेळेला तिने लिटरभर दूध कमी दिले. सोमवारी पुन्हा पहिल्यासारखे.

पुढच्या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहीन.