हॅलो, आवाज येतोय का?

एक्स्प्रेस-वेवर बोगदा आला की फोनचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. आपली बडबड चालूच असते, 'हो अगं, पोचतेच आहे, अर्धा तास फक्त', आणि पलीकडे आवाज जातोय की नाही याचा पत्ता नसतो. दोन मिनिटांत बोगदा संपतो, फोन परत लागतो, विषय मिटतो.

अमेलिया इअरहार्टचा फोन मात्र परत लागलाच नाही.

नाव ऐकलेलं असेल. १९३२ मध्ये एकटीने विमान चालवत अटलांटिक महासागर पार करणारी पहिली बाई. लेदर जॅकेट, बॉयकट, चेहऱ्यावर कायम एक मिश्कील हसू. स्वतःच्या नावाचे कपडे आणि बॅगासुद्धा बाजारात आणल्या होत्या तिने. आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा म्हणजे, १९३१ मध्ये लग्नाच्या आधी तिने होणाऱ्या नवऱ्याच्या, प्रकाशक जॉर्ज पटनमच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. वर्षभरात आपण सुखी नाही असं वाटलं तर मला मोकळं करायचं, असं वचन दे, अशा अर्थाची! आपल्याकडे आज एखादीने हे केलं तर हॉलमध्ये वऱ्हाडाला पाणी पाजत बसावं लागेल.

तर ही बाई १९३७ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाली, तीही विषुववृत्ताच्या आसपासचा सगळ्यात लांबचा रस्ता धरून. सोबत नेव्हिगेटर फ्रेड नूनन. तांबड्या समुद्राच्या काठावरून कुठेही न थांबता ती थेट कराचीला उतरली, आणि असं करणारी ती पहिलीच. तिथून कलकत्त्याचा डमडम विमानतळ. पुढे अक्याबहून रंगूनला निघाली, पण ऐन जूनमध्ये आपला मान्सून काय सोडतोय? पावसाने झोडपून तिला माघारी पाठवलं. तरीही ३५ हजार किलोमीटर संपवून ती न्यू गिनीतल्या ले गावी पोचली. उरलं होतं फक्त पॅसिफिक.

२ जुलैला सकाळी दहाच्या सुमाराला तिने ले सोडलं. जायचं होतं हाऊलंड बेटावर, जवळजवळ ४,१०० किलोमीटर दूर. बेट म्हणजे केवढं? नरिमन पॉइंटवरून मरीन ड्राइव्हवर चालायला लागलात तर चौपाटी यायच्या आत हे बेट संपेल. रुंदी एक किलोमीटरही नाही, उंची सहा मीटर. चारही बाजूंना पाणी, आणि पाण्यावर ढगांच्या सावल्या, ज्या वरून बेटांसारख्याच दिसतात. असं ठिकाण रात्रभर उडून, जागरणाने चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी शोधायचं. म्हणूनच अमेरिकन कोस्ट गार्डचं 'इटास्का' नावाचं जहाज बेटापाशी उभं होतं. ते रेडिओवरून तिला रस्ता दाखवणार, असं ठरलेलं.

आणि इथून पुढचं वाचताना माझ्या पोटात दरवेळी गोळा येतो.

जहाजाला तिचा आवाज येत होता. पहाटे अस्पष्ट, मग स्पष्ट, मग आणखी स्पष्ट. सकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी तर इतका मोठा, की जहाजावरच्यांना वाटलं आत्ता विमान दिसणार. ती सांगत होती, आम्ही तुमच्या डोक्यावरच असायला हवं, पण तुम्ही दिसत नाही, इंधन संपत आलंय, रेडिओवर तुम्ही सापडत नाही, हजार फुटांवर आहोत. जहाजाने बॉयलरमधून काळा धूर सोडला. उत्तरांवर उत्तरं दिली. पण त्यांचं बोलणं तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. एकदाच तिने कळवलं की तुमचे सिग्नल आले, पण त्यावरून दिशा काढता येत नाही. ८ वाजून ४३ मिनिटांनी तिने आपण कुठल्या रेषेवर उडतोय ते सांगितलं, फ्रिक्वेन्सी बदलते म्हणाली, आणि संपलं.

म्हणजे दोघं एकमेकांच्या इतके जवळ, दोघंही जीव तोडून बोलतायत, आणि संवाद शून्य.

हे का झालं, तर कारणं इतकी साधी आहेत की राग येतो. विमानाची एक लांब लोंबती अँटेना तिने निघायच्या आधीच मायामीत उतरवून ठेवली होती. जहाजावरचं दिशा शोधायचं यंत्र ज्या फ्रिक्वेन्सीवर चालायचं, त्यासाठी तीच हवी होती. मोर्स कोड तिला आणि नूननला जेमतेम येत होता, आणि जहाज मोर्सवर मोर्स पाठवत होतं. तिचं घड्याळ ग्रीनिचचं, जहाजाची वेळ वेगळी, त्यातही अर्ध्या तासाची भानगड. एवढ्या मोठ्या प्रवासाआधी दोन्ही बाजूंनी नीट बसून 'तुमच्याकडे काय आहे, आमच्याकडे काय आहे' हे कुणी तपासलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, समोरच्याला माहीत असेल.

नौदलाने 'लेक्सिंग्टन' ही विमानवाहू नौका आणून साडेसहा लाख चौरस किलोमीटर समुद्र पिंजून काढला. १९ जुलैला शोध थांबला. १९३९ मध्ये कोर्टाने तिला मृत ठरवलं.

मग सुरू झाल्या थिअरीज. ती हेर होती, जपान्यांनी पकडली. २०१७ मध्ये एका डॉक्युमेंटरीने तर मार्शल बेटांवरच्या धक्क्यावर बसलेल्या 'अमेलिया'चा फोटोच दाखवला. काही दिवसांत एका जपानी ब्लॉगरने तोच फोटो १९३५ च्या पुस्तकात शोधून काढला. बाई गायब व्हायच्या दोन वर्षं आधीचा! दुसरी थिअरी निकुमारोरो बेटाची. तिथे १९४० मध्ये हाडं सापडली, डॉक्टर म्हणाले पुरुषाची आहेत, मग हाडंच हरवली. २०१८ मध्ये जुन्या मोजमापांवरून एका तज्ज्ञाने सांगितलं, ती अमेलियाशीच जुळतात. मग २०१९ मध्ये टायटॅनिक शोधणारे रॉबर्ट बॅलर्ड तिथे जाऊन आले, विमानाचा तुकडाही मिळाला नाही. २०२४ च्या सुरुवातीला सोनारमध्ये समुद्रतळाशी चक्क विमानाचा आकार दिसला, सगळीकडे बातमी झाली. नोव्हेंबरपर्यंत कळलं, तो खडक होता.

माझं मत विचाराल तर इंधन संपलं आणि विमान हाऊलंडजवळच पाण्यात गेलं. तिथे समुद्र पाच किलोमीटरच्या आसपास खोल आहे, सापडणार कसं? पण हे उत्तर कुणाला नकोय. हेर, कैद, निर्जन बेट, काहीतरी भारी हवं. अमेलियासारख्या बाईचा शेवट न जुळलेल्या फ्रिक्वेन्सीवर झाला, हे पचवणं कठीण आहे. मलाही जातं.

बाय द वे, या सगळ्यात नूननला कुणी विचारत नाही. पॅसिफिकवरचे विमानमार्ग आखणाऱ्यांपैकी एक कसलेला नेव्हिगेटर, त्याच वर्षी लग्न झालेला. तोही त्याच विमानात होता हो!

हाऊलंडवर खास अमेलियासाठी धावपट्टी तयार केली होती. आज तिथे माणूस राहत नाही, फक्त समुद्रपक्षी. जहाजांना दिवसा लांबून दिसावा म्हणून बांधलेला एक मनोरा आहे. त्याला नाव अमेलियाचं दिलंय.