पार्टवर नाही, निदानावर कमवा: जुन्या गाड्यांच्या गॅरेजचं खरं गणित



जुन्या गाड्यांचं गॅरेज टाकायचंय असं म्हणणारे बरेच तरुण भेटतात. पद्मिनी, अँबेसेडर, जुन्या जीप, एखादी ब्रिटिश गाडी. आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, पार्ट कुठून आणायचे?"

माझं मत ऐका. पार्टचा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की बिघाड शोधण्याचे पैसे तुम्ही वेगळे घेणार की नाही? याचं उत्तर "नाही" असेल, तर या धंद्यात तुम्ही एकतर तोट्यात जाल, नाहीतर हळूहळू खोटं बोलायला लागाल. तिसरा रस्ता मला तरी दिसत नाही.

का ते सांगतो. समजा एक पद्मिनी आली. तक्रार अशी की सेल्फ जड फिरतो, गाडी लवकर चालू होत नाही. मालकाने आधीच नवी बॅटरी टाकलीय. तुम्ही मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवली आणि सेल्फ मारायला लावला. इथे जवळपास शून्य दिसायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला, तर अर्थिंग खराब. इंजिन आणि बॉडी जोडणारी पट्टी गंजलीय. पट्टी काढली, घासली, घट्ट बसवली. गाडी पहिल्या सेल्फला चालू!

आता बिल किती करणार? पार्ट शून्य, मजुरी दहा मिनिटांची. शेजारचा मिस्त्री मात्र सेल्फ उघडतो, बुश बदलतो, परत जोडताना वायरी घट्ट बसतात आणि गाडी चालू होते. त्याचं बिल काही हजारांचं. गिऱ्हाईक दोघांवरही खूश. पण ज्याने खरा बिघाड शोधला, त्याच्या हातात चहापाण्याचे पैसे!

म्हणजे दोष माणसात नाही, बिल करण्याच्या पद्धतीत आहे. पार्टवरच कमाई असेल तर पार्ट बदलायचा मोह होणारच.

जुन्या गाडीत हे जास्त का?

नव्या गाडीला स्कॅनर लावला की कोड तरी मिळतो. जुन्या गाडीत कॉम्प्युटरच नाही. तिथे स्कॅनर म्हणजे तुमचं डोकं. आणि ही डोकी कमी होत चाललीत. अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. कुर्ल्याची पद्मिनी त्याच्याही आधी बंद झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. टॅक्सीवर रोज हात चालवणारे मिस्त्री दुसऱ्या कामाला लागले. गाड्या मात्र हौशी लोकांकडे अजून आहेत. तुमची संधी तिथे आहे.

विकायचं ते निदान म्हणजे नक्की काय?

अंदाज नव्हे. ठरलेल्या क्रमाने केलेली तपासणी. इंजिनला चार गोष्टी लागतात: हवा-पेट्रोल, ठिणगी, ठिणगीची बरोबर वेळ आणि कॉम्प्रेशन. यातली कुठली नाही ते शोधायचं.

आधी बॅटरी. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या बरंच खाली पडलं, तर बॅटरी कमकुवत आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. पण मीटर लावण्याआधी गाडी ओळखा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. सुरुवातीच्या फोक्सवॅगन बीटल ६ व्होल्टच्या होत्या. उलटी किंवा चुकीची बॅटरी जोडली की बिघाड शोधायच्या आधी नवा तयार होतो.

मग ठिणगी. एक चांगला प्लग वायरला लावून ब्लॉकवर टेकवा आणि सेल्फ मारा. वायर हातात धरू नका, आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर डेल्कोचं झाकण उघडा. पॉइंट जळालेत का, गॅप त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे आहे का, ते फीलर गेजने बघा. पॉइंट वरचेवर जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या.

ठिणगी ठीक असेल तरच पेट्रोलकडे या. पंपातून कार्बोरेटरला पेट्रोल येतं का, जेटमध्ये कचरा आहे का. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्या हिशोबाने बनलेलेच नाहीत. ते फुगतात, चिरतात, गळतात. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

"गरम झाली की बंद पडते" ही तक्रार आली तर गाडी थंड करून तपासू नका. ती बंद पडेल तोवर चालवा आणि त्याच क्षणी ठिणगी बघा. ठिणगी नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर. ठिणगी असेल तर उन्हाने पाइपात पेट्रोलची वाफ झालीय का ते बघा.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: एका वेळी एकच बदल. पॉइंट, कंडेन्सर, प्लग, कॉइल एकदम बदलले आणि गाडी चालू झाली, तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही. त्यात एखादा नवा कंडेन्सरच खराब निघाला तर दिवस गेला!

"काही बिघाड नाही" हेही विकता येतं

डायनमो असलेल्या गाडीत आयडलवर चार्जिंगचा लाल दिवा मंद लागतो, रेस केला की विझतो. घाबरलेला मालक नवा डायनमो टाकायला तयार असतो. तुम्ही मीटर लावून दाखवलं की रेस केल्यावर चार्जिंग बरोबर आहे, तर त्याचे केवढे पैसे वाचले! त्या उत्तरासाठी तो फी देईल. पण फी आधी सांगितलेली असेल तरच.

फी किती?

साधा हिशोब करू. समजा जागा, वीज, मदतनीस मिळून महिन्याला ३०,००० खर्च. तुमचा पगार ३०,०००. एकूण ६०,०००. महिन्याचे २५ दिवस, रोज बिल होईल असं काम ६ तास, म्हणजे १५० तास. एका तासाला ४०० रुपये. दोन तासांची तपासणी ८०० च्या खाली केली, तर तुम्ही खिशातून घालताय. आकडे तुमचे घाला, पद्धत हीच ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आपल्याकडे लोक नुसतं बघायचे पैसे देत नाहीत." डॉक्टरला देतात ना? तपासायच्या आधी फी सांगा आणि शेवटी कागद द्या: काय मोजलं, किती आकडा आला, बिघाड कुठे, दुरुस्तीला अंदाजे किती. तो कागद घेऊन तो दुसरीकडे गेला तरी जाऊ दे. तुमच्या कामाचे पैसे मिळालेत.

बरेच जण सल्ला देतात की तपासणीची फी दुरुस्तीच्या बिलातून वजा करा, गिऱ्हाईक टिकतं. मला हे पटत नाही. वजा केली की तुमची कमाई परत दुरुस्ती निघण्यावर अवलंबून राहते, आणि आपण निघालो होतो तिथेच परत येतो.

एक सावधगिरी. फक्त हौशी गाड्यांवर पहिल्या दिवसापासून घर चालवायला जाऊ नका. अशी गिऱ्हाइकं थोडी असतात आणि तोंडी शिफारशीने येतात. सुरुवातीला नेहमीचं सर्व्हिसिंग चालू ठेवा. आणि ५० वर्षांवरच्या गाडीची २०२१ च्या नियमाप्रमाणे 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी करून ती लग्नाला भाड्याने द्यायचा विचार असेल, तर थांबा. अशा नोंदणीवर व्यावसायिक वापर चालत नाही.

या आठवड्याचं काम: एक मल्टिमीटर, एक फीलर गेज आणि एक वही घ्या. ओळखीतल्या कुणाचीही जुनी गाडी किंवा स्कूटर घ्या. काहीही न बदलता फक्त मोजा आणि एका पानावर लिहा. ते पान वाचून गाडीच्या मालकाला बिघाड समजला, तर तुमच्याकडे विकायला काहीतरी आहे. दुकानाची पाटी त्यानंतर रंगवा.