दहा केबीची सही

इंदिरानगरात वडाळा-पाथर्डी रस्त्यालगतच्या, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांवर या आठवड्यात पुन्हा तीच तक्रार ऐकू आली, की घरून मोबाइलवर नीट कापून आणलेला फोटो अर्ज स्वीकारत नाही. आणि पुन्हा अर्जदारालाच ‘फोटो बरोबर नाही’ असे ऐकावे लागले. फोटो बहुतेक वेळा बरोबरच असतो. अडते ते फाइलच्या वजनापाशी, म्हणजे ती किती किलोबाइट जागा व्यापते यापाशी, आणि हे वजन का बदलते हे पाहिल्याशिवाय दोष योग्य जागी ठेवता येणार नाही.

फोटो कापून देणारी अनेक संकेतस्थळे ब्राउझरमधील ‘कॅनव्हास’ या सुविधेवर चालतात. फोटो कॅनव्हासवर उतरला, की मूळ फाइल बाजूला राहते आणि उरतो तो केवळ पिक्सेलांचा, म्हणजे रंगबिंदूंचा पट. मोबाइलने फाइलमध्ये नोंदवलेली वेळ, ठिकाण व कॅमेऱ्याची माहिती इथेच गळून पडते. ‘डाउनलोड’ दाबल्यावर या पटापासून संपूर्ण नवी फाइल घडते, आणि संकेतस्थळ रचणाऱ्याने वेगळे सांगितले नसेल तर ती पीएनजी प्रकाराची होते, ज्यात एकही पिक्सेल गमावला जात नसल्यामुळे चेहऱ्याचा फोटो जेपीईजीच्या कित्येक पट जड भरतो. जेपीईजीत डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील सोडून दिला जातो व तो किती सोडायचा हे शून्य ते एक यांमधील दर्जाच्या आकड्याने ठरते. आकडा दिलाच नाही तर क्रोम व फायरफॉक्स ०.९२ धरतात. पीएनजीला हा आकडा लागूच नसतो, त्यामुळे दर्जाची पट्टी कितीही सरकवली तरी तिचे वजन हलत नाही. एकाच चेहऱ्याच्या, एकाच लांबीरुंदीच्या चार फाइली चार वजनांच्या निघू शकतात आणि त्यात अर्जदाराची काहीही चूक नसते.

आता दोन अर्ज शेजारी ठेवून पाहावेत. ‘आपले सरकार’ संकेतस्थळ १६० पिक्सेल रुंद व २०० ते २१२ पिक्सेल उंच फोटो ५ ते २० केबीत मागते. १६० गुणिले २०० म्हणजे ३२,००० पिक्सेल. बिट हे माहितीचे सर्वांत लहान एकक आणि आठ बिटांचा एक बाइट हे लक्षात घेता, ५ केबीत प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला सुमारे सव्वा बिट येतो, आणि जेपीईजीला तेवढ्यात भागवता येते. बँकभरतीच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था मात्र २०० बाय २३० पिक्सेलांचा फोटो २० ते ५० केबीत मागते, म्हणजे किमान मर्यादेलाच पिक्सेलमागे साडेतीन बिट होतात, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर स्वच्छ काढलेला फोटो हलका म्हणून परत येऊ शकतो. सहीबाबत तर हिशेबच जुळत नाही. १४० बाय ६० पिक्सेल हे तिचे अपेक्षित माप, म्हणजे ८,४०० पिक्सेल. पांढऱ्या कागदावरची काळ्या शाईची सही करड्या छटांत, काहीही न दाबता, प्रत्येक पिक्सेलला पूर्ण आठ बिट देऊन साठवली तरी पिक्सेलांचे एकूण वजन ८,४०० बाइट, म्हणजे सव्वाआठ केबीच्या आसपास भरते. किमान अट आहे १० केबीची! जेवढी माहिती त्या सहीत आहे त्याहून अधिक वजनाची फाइल अर्जदाराने द्यायची, आणि त्यासाठी सांगितलेले माप मोडून सही मोठी करायची किंवा केबी ‘वाढवून’ देणाऱ्या एखाद्या अनोळखी संकेतस्थळाच्या हाती स्वतःची सही सोपवायची.

किमान मर्यादा अस्पष्ट फोटो अडवण्यासाठी असेल, तर ते काम ती करत नाही, कारण अस्पष्ट फोटोही सहज जड करता येतो. यंत्राचे काम माणसावर लादू नये हा या स्तंभाचा आग्रह वाचकांना ठाऊक आहे, आणि इथे तो शब्दशः लागू पडतो: तोच कॅनव्हास अर्जाच्या पानात बसवला, फोटो योग्य मापाचा करून घेतला आणि कमाल मर्यादेत बसेपर्यंत दर्जा पायरीपायरीने उतरवला, तर अर्जदाराला केबी हा शब्दही ऐकावा लागणार नाही. हे काम मोजक्या ओळींचे आहे. असे अर्ज आखणाऱ्यांनी ते स्वस्तातल्या मोबाइलवरून स्वतः एकदा तरी भरून पाहिले असतील, असे वाटत नाही.

तोवर अर्जदारांनी मोबाइलमधली मूळ फाइल पुसू नये, प्रत्येक वेळी तिच्यापासूनच नवी प्रत काढावी, प्रकार जेपीईजी निवडावा, आधी लांबीरुंदी बसवावी आणि मगच दर्जा कमीजास्त करावा. संबंधित संस्थांनी किमान केबीची अट येत्या भरतीपूर्वी काढून टाकावी.