लग्नाचा खर्च आणि शेताची वही

तुळशीचें लग्न लागलें कीं आपल्या सोलापूर जिल्ह्यांत उपवर मुलामुलींच्या घरीं पाहुण्यांची ये-जा सुरू होते. या वेळीं रब्बीची ज्वारी रानांत वाढत असते, तूर शेंगांवर असते, कांदा बाजाराच्या वाटेवर असतो आणि ऊंस तोडीची वाट पाहात उभा असतो. म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग अद्याप रानांतच असतो. आणि त्याच वेळीं ओसरीवर बसून लग्नाचीं बोलणीं होतात. कार्यालय कोणतें, पानें किती, मानाच्या साड्या किती, वऱ्हाडाला गाड्या किती, हें प्रथम ठरतें. पैसा कोठून आणावयाचा हा विचार सर्वांच्या शेवटीं येतो, आणि तोहि बहुधा दिवा मालवल्यावर घरधनी एकटाच करतो. हा क्रम उलटा आहे. तो सुलटा केल्यावांचून आपली सुटका नाहीं, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

हें लिहितांना एक गोष्ट आधींच स्पष्ट केली पाहिजे. शेतकरी लग्नांत पैसा उधळतो म्हणून कर्जांत बुडतो, असें शहरांतील शहाणे लोक आज दीडशें वर्षें सांगत आले आहेत. हें म्हणणें जसेंच्या तसें आम्हांस मान्य नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला व तो पुणें-नगर भागांत पसरला. त्याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनानें लग्नखर्चाचाहि विचार केला आणि असा निर्वाळा दिला कीं, प्रसंगविशेषीं होणाऱ्या लग्नापेक्षां पोट, बियाणें, बैल व सरकारी सारा यांसाठीं वारंवार काढावें लागणारें किरकोळ कर्जच रयतेला अधिक बुडवितें. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, तो पुणें, सातारा, नगर आणि आपलें सोलापूर या चार जिल्ह्यांकरितां होता. महात्मा फुले यांनींहि १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत लग्नखर्चाच्या या आक्षेपाचा समाचार घेतला आहे.

मग आज आम्ही लग्नखर्चावर कां लिहितों? कारण त्या वेळचें लग्न आणि आजचें लग्न ह्या एकाच नांवाच्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

वाडवडिलांच्या काळचें लग्न घरच्या धान्यावर होई. ज्वारी पेवांतली, डाळ घरच्या तुरीची, गूळ शेजारच्या गुऱ्हाळांतला, पत्रावळी पळसाच्या, मांडव रानांतल्या मेढींचा व डहाळ्यांचा, भांडीं घरोघरून मागून आणलेलीं, आणि वऱ्हाड भावकीच्या बैलगाड्यांतून. रांधावयास भावकीच्या बायका, वाढावयास तरणीं पोरें. आहेराची वही ही तर गांवची पेढीच होती. आज आपल्याला आलेलें उद्यां दुसऱ्याच्या कार्यांत परत जात असे. त्या लग्नांत कर्ज होत नसे असें नाहीं. परंतु बराचसा खर्च हातीं आलेल्या पिकांतून होई. आजच्या लग्नांत घरचें असें काय असतें? कार्यालयाचें भाडें, आचाऱ्याचा मक्ता, छायाचित्रें व चित्रफिती, डीजे, फुलांची आरास, मोटारी, सोनें, भरजरी कपडे, यांतील प्रत्येक रक्कम रोख द्यावी लागते, आणि पुष्कळशी आगाऊ द्यावी लागते. जुनें लग्न झालेलें पीक खाई. नवें लग्न व्हावयाचें पीक खातें. सारा फरक या एका गोष्टींत आहे.

प्रस्तुत लेखकानें हा धडा पुस्तकांतून घेतलेला नाहीं. २०१६ सालीं आमच्या थोरल्या मुलीचें लग्न झालें. जमीन ८ एकर, त्यांतील २ एकर विहिरीखालीं. ८०० पानें धरलीं होतीं, १,२०० उठलीं. एकंदर खर्च ७ लाख ५० हजार झाला. शिल्लक होती २ लाख ५० हजार. पीककर्जाचे २ लाख त्यांत घातले व उरलेले ३ लाख एका खाजगी सावकाराकडून दरमहा शेंकडा ३ रुपयांनीं काढले. हा दर ऐकावयास हलका वाटतो. परंतु त्याचे महिन्याला ९ हजार व वर्षाला १ लाख ८ हजार होतात. पीककर्ज मुदतींत फिटलें नाहीं, म्हणून व्याजाची सवलत गेली व नवें कर्ज मिळेना. बियाणें व खतें उधारीवर आणावीं लागलीं. त्यांतच २०१८ चा दुष्काळ आला. अखेर २०१९ सालीं विहिरीखालचा एक एकर विकून आम्ही मोकळे झालों. लग्न एका दिवसांत झालें. तें फेडण्यास तीन वर्षें आणि एक एकर बागाईत जमीन लागली.

त्या अनुभवानंतर आम्हीं घरापुरते कांहीं नियम ठरविले. ते वाचकांपुढें ठेवतों.

पहिला नियम असा कीं, रक्कम आधीं ठरवावी व पाहुण्यांची यादी मागाहून करावी. मागील तीन-चार वर्षांचा जमाखर्च घ्यावा. त्यांत एक तरी वाईट वर्ष असावें. प्रत्येक वर्षाच्या उत्पन्नांतून बियाणें, खत, मजुरी, वीज-पाणी, घरखर्च, औषधपाणी व कर्जाचा हप्ता वजा जातां जें उरेल, त्याची सरासरी ही आपली खरी वार्षिक शिल्लक होय. आजवर साठविलेली पुंजी आणि या शिलकेंतील एक वर्षाची रक्कम, याहून अधिक खर्च लग्नांत करूं नये. ज्याची पुंजी १ लाख ५० हजार व वार्षिक शिल्लक ८० हजार आहे, त्याच्या घरचें लग्न २ लाख ३० हजारांचें. मग गांवांत दुसरा कोणी २० लाखांचें कां करीना.

दुसरा नियम, हातीं न आलेला पैसा हिशेबांत धरूं नये. ऊंस तुटून गेला म्हणजे बिल आलें असें नव्हे. १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊंस पोंचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत मिळावयास पाहिजे व उशीर झाल्यास शेंकडा १५ दरानें व्याज मिळावयास पाहिजे. परंतु मांडववाला त्या आदेशाकडे पाहून थांबत नाहीं. कांद्याचें तर विचारूंच नये; आजचा भाव उद्यां राहील याची कोणास हमी देतां येत नाहीं. तिथि धरावी ती पैसा खात्यांत पडल्यावर. मुहूर्त वैशाखांतहि असतात.

तिसरा नियम, पीककर्ज लग्नाला लावूं नये. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेंत काढणीनंतरच्या व घरगुती गरजांकरितां शेंकडा १० एवढीच तरतूद धरलेली असते. बाकीचा पैसा शेताचा आहे. ३ लाखांपर्यंतचें कर्ज वेळेवर फेडणाऱ्यास तें केंद्र सरकारच्या सवलतीनें शेंकडा ४ दरानें पडतें, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेनें बिनव्याजी होतें. मुदत चुकली कीं ही सवलत बुडते. एवढा स्वस्त पैसा पंगतींत घालावा आणि पेरणीसाठीं महाग पैसा शोधीत फिरावें, यापरता उलटा व्यवहार दुसरा नाहीं.

चौथा नियम सावकाराविषयीं. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमान्वयें शेतकऱ्यास दिलेल्या कर्जावर तारण असल्यास वर्षाला शेंकडा ९ व तारण नसल्यास शेंकडा १२, याहून अधिक व्याज घेतां येत नाहीं. आणि परवान्याशिवाय सावकारी करणें हा गुन्हा आहे. म्हणजे आम्ही देत होतों तो दर कायद्याच्या दराच्या तिप्पट होता. ही गोष्ट आम्हांस जमीन विकल्यानंतर कळली, म्हणून येथें मुद्दाम लिहिली आहे. पाण्याखालची जमीन लग्नाकरितां विकूं नये व गहाणहि टाकूं नये.

पांचवा नियम सोन्याचा. २०२५ सालीं सोन्याचा भाव १० ग्रॅमला १ लाख रुपयांच्या पलीकडे गेला. दागिन्याची मजुरी व वस्तु-सेवा कराचे शेंकडा ३ हे पैसे दागिना मोडतांना परत येत नाहींत, हें खरेदीच्या वेळीं कोणी ध्यानांत घेत नाहीं. द्यावयाचें तें थोडें, हॉलमार्कचें व मुलीच्या नांवाच्या पावतीसह द्यावें.

आतां पानांचा हिशेब. खर्चाच्या यादींत एकच आंकडा बाकीच्या साऱ्यांना ओढून नेतो, तो म्हणजे पानांची संख्या. पानें वाढलीं कीं मांडव वाढतो, आचारी वाढतो, कार्यालय मोठें लागतें. हा आंकडा रुपयांत न मोजतां धान्यांत मोजून पाहावा. पानास २०० रुपये धरले तर १,००० पानांचे २ लाख होतात. ज्वारीला क्विंटलास ३,००० रुपये मिळाले असें समजलें, तर हे २ लाख म्हणजे ६७ क्विंटल ज्वारी. आणि कोरडवाहू रानांत एकरीं ५ क्विंटल धरली, तर १३ एकरांचें पीक, तेंहि लागवडीचा खर्च वजा न करतां, एका दुपारीं पंगतींतून उठून जातें. आपापल्या पिकाचे भाव घालून प्रत्येकानें हा हिशेब एकदां घरीं मांडून पाहावा.

माणसें थोडीं बोलावलीं तर अब्रू जाते, असें म्हणणाऱ्यांनीं अलीकडचाच काळ आठवावा. २०२० च्या टाळेबंदींत लग्नास ५० माणसांची मर्यादा घातली होती. एप्रिल २०२१ मध्यें तर आपल्या राज्यांत २५ माणसें व दोन तास एवढीच परवानगी होती. त्या काळांत लागलेलीं लग्नें इतरांपेक्षां कच्चीं ठरलीं असें कोणीहि म्हणत नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यासहि रूढ विधि पुरे आहेत, व जेथें सप्तपदी आहे तेथें सातवें पाऊल पडलें कीं विवाह पुरा होतो. साध्या लग्नाचा पायंडा सत्यशोधक समाजानें १८७३ सालींच घालून दिला आहे. आणि सोलापूरकरांस तर हें निराळें सांगावयास नको. दर संक्रांतीस सिद्धेश्वराच्या यात्रेंत संमती कट्ट्यापाशीं अक्षता-सोहळा होतो. सात नंदीध्वजांच्या साक्षीनें लागणाऱ्या त्या लग्नास हजारों माणसें येतात, तीं अक्षता टाकावयास येतात. मानपान मोजावयास कोणी येत नाहीं.

यावर एक आक्षेप मात्र खरा आहे. ज्यांच्या पंगतीस आपण जन्मभर बसलों, त्यांना आपल्या कार्यांत वगळणें गांवांत शोभत नाहीं. त्यांना वगळावें असें आमचेंहि म्हणणें नाहीं. गांवजेवण अवश्य द्यावें; पण तें घरच्या अंगणांत, खपली गव्हाची खीर, आमटी आणि भात एवढें द्यावें. त्या जेवणास नांवें ठेवणारा माणूस आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं.

दुसरा आक्षेप वधूपित्याचा कीं, वरपक्ष ऐकत नाहीं. हुंडा देणें व घेणें हे दोन्ही १९६१ च्या कायद्यानें गुन्हे आहेत. परंतु आज हुंडा ‘लग्न तेवढें जोरांत करून द्या’ अशा गोड शब्दांत मागितला जातो. त्यावर उपाय एकच. सुपारी फुटण्यापूर्वीं दोन्ही घरच्या कर्त्या माणसांनीं एकत्र बसून एकच अंदाजपत्रक करावें व खर्च निमेनिम वांटून घ्यावा. जो वरपिता या बैठकीस नकार देईल, त्याच्या घरीं मुलगी देण्यापूर्वीं पुन्हां विचार करावा. खरें म्हणजे ही गोष्ट वरपित्यानें आपण होऊन सुचविली पाहिजे. आज ज्याचा मुलगा लग्नाचा आहे, त्याची मुलगी पुष्कळदां पाठोपाठ लग्नाची असते.

२०२३ सालीं धाकट्या मुलीचें लग्न ठरलें तेव्हां आम्ही याप्रमाणें वागलों. व्याही समंजस मिळाले हें कबूल केलें पाहिजे. दोन्ही घरांचें मिळून अंदाजपत्रक ४ लाखांचें केलें. आमचा वांटा २ लाख. देवळाच्या आवारांत अक्षता पडल्या, विवाहाची नोंदणी केली, २०० पानें झालीं, आणि आठ दिवसांनीं गांवाला घरीं खिरीचें जेवण दिलें. आमचा खर्च अखेरीस २ लाख १८ हजार भरला. मांडवाचा व मानाच्या कपड्यांचा अंदाज चुकला होता. म्हणून अंदाजपत्रकांत दहावा हिस्सा अकल्पित खर्चाकरितां राखावा. कांहीं नातलग रुसले. त्यांतील दोन घरें अद्याप आमच्याशीं बोलत नाहींत. साध्या लग्नाची हीहि एक किंमत आहे व ती लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्या वर्षीं पेरणीचें बियाणें आम्हीं रोखीनें आणलें.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं थोरली मुलगी म्हणाली, “अण्णा, माझ्या लग्नांत काय जेवण होतें तें आतां कोणाला आठवतसुद्धां नाहीं. विहिरीखालचा तुकडा मात्र मी माहेरीं आलें कीं दरवेळीं दुसऱ्याच्या ताब्यांत दिसतो.” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आपल्या संस्थेपुढें व सभासदांपुढें दोन सूचना ठेवून हा लेख पुरा करतों. संस्थेनें मांडवाचें कापड, सतरंज्या व ५०० माणसांचीं भांडीं एकदां खरेदी करून सभासदांस माफक भाड्यानें द्यावीं. जीं भांडीं पूर्वीं घरोघरून मागून येत, तीं आतां संस्थेकडून येतील. आणि प्रत्येक सभासदानें येत्या पाडव्यापासून आपल्या वहींत ‘लग्नखातें’ म्हणून एक पान उघडावें; मुलगा असो वा मुलगी, दर हंगामास त्यांत ठराविक रक्कम टाकावी. शेतकऱ्यांच्या मुलींकरितां सरकारची शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजना आहे. ज्यांस ती लागू पडते त्यांनीं तिचा लाभ घेण्यांत कमीपणा मानूं नये.

पेरणीस जो शेतकरी बियाणें मोजून घेतो, त्यानें लग्नासहि पैसा मोजून घ्यावा. मुलगी ज्या घरीं जाते तें घर नांदतें राहिलें पाहिजे, हें सर्वांस कळतें. ज्या घरांतून ती जाते तेंहि घर नांदतें राहिलें पाहिजे, याचा विसर पडूं नये.