तिसऱ्या गोलाची जिद्द

आज 1 डिसेंबर. 1956 साली याच तारखेला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसोझा या मुंबईच्या सेंटर फॉरवर्डने यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले आणि भारताने सामना 4-2 असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मूळचा गोव्यातल्या आसगावचा, मुंबईत टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळलेला.

त्या सामन्यात गोल कसे पडत गेले ते पाहण्यासारखे आहे. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल, ऑस्ट्रेलियाने तो फेडला. तेहेतिसाव्या मिनिटाला दुसरा, मध्यंतरापूर्वी तोही फिटला. हाती आलेली आघाडी अशी दोनदा निसटली की भल्याभल्यांचे पाय जड होतात. हा पठ्ठ्या मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत पुन्हा जाळ्यावर धडकला. उपांत्य सामन्यात बलाढ्य युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच. तो सामना भारताने 4-1 असा गमावला, पण देश चौथा आला आणि चार गोल करणारा नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंगतीत बसला. 1980 मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच, तो गेला. वांद्र्यात एका मैदानाला त्याचे नाव आहे. आपल्याकडे अमरावती-अकोल्यात ते कुणाच्या तोंडी नाही, याची खंत वाटते.

अमरावतीला ऑलिंपिक परके नाही. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये इथल्याच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. अंगात रग असलेली पोट्टी अमरावतीत आहेत, अकोल्यातही आहेत. त्यांना मिळत नाहीत ते सामने. शालेय फुटबॉल स्पर्धा बाद पद्धतीची. सकाळी पहिलाच सामना हरला की दुपारी संघ घरी, आणि पोराचे वर्ष तिथेच संपते. गोलसमोर अर्ध्या क्षणात डावा पाय की उजवा, हे ठरवण्याची सवय वर्षाला दोन सामन्यांत लागत नाही. ती चुकलेल्या शेकडो फटक्यांनंतर लागते. मुंबईत हारवुड लीग होती, हंगामभर सामने होते, म्हणून तिथे चुकलेल्याला पुढच्या सामन्यात पुन्हा संधी होती.

आमचे मागणे साधे आहे. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या क्रीडा यंत्रणांनी मिळून सोळा वर्षांखालील मुलामुलींची लीग सुरू करावी. शाळा आणि क्लबांचे संघ घ्यावेत, दर रविवारी सामना ठेवावा, एकदा अमरावतीत, एकदा अकोल्यात, मधल्या बडनेरा-मूर्तिजापूरलाही खेळवावे. अमरावती-अकोला महामार्गावर 2022 च्या जूनमध्ये 105 तासांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून जागतिक विक्रम झाला. त्या रस्त्याने पोरांची एक बस रविवारी सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकते. लागणार आहेत ते पंच, जाळ्या, चेंडू आणि डिझेलचे पैसे. येत्या हंगामासाठी त्यांची तरतूद दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी आताच करावी.