आपल्या मुलींचा संघ कोणता?

बृहन्महाराष्ट्र मंडळ, उत्तर अमेरिका, यांच्या कार्यकारिणीस,



मी न्यू जर्सीत राहते. माझी लेक चौदा वर्षांची, शाळेच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड. जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ ती स्वतः फावड्याने ओढते, बोटांना पट्टी गुंडाळते आणि गॅरेजवरच्या बास्केटमध्ये फ्री थ्रो मारत राहते. शंभर झाल्याशिवाय जेवायला येत नाही. भात दोनदा गरम करावा लागतो.

२०२४चा उन्हाळा आठवा. जूनमध्ये नॅसॉ काउंटीत भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला, तेव्हा आपल्या घराघरांत निळे टी-शर्ट होते. महिनाअखेरीस सॅन होजेला आपलं अधिवेशन झालं. आणि जुलैत मेक्सिकोत सतरा वर्षांखालच्या मुलींच्या बास्केटबॉल विश्वचषकात अमेरिकेच्या पोरींनी कॅनडाला हरवून सुवर्ण जिंकलं. २०१०पासूनच्या सात स्पर्धांतलं ते सहावं. २०१६ साली सारागोसात उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाने अडवलं, तेवढंच. कॅनडाविरुद्धचा तो अंतिम सामना आमच्याकडे आम्ही दोघींनीच पाहिला. ओळखीच्या एकाही मराठी घरी त्याची वार्ता नव्हती.

सामना संपल्यावर तिने विचारलं, "आई, मी भारताकडून खेळू शकते का गं?" नाही म्हणावं लागलं. भारताच्या संघात यायला भारतीय पासपोर्टच लागतो, ओसीआय कार्ड चालत नाही. म्हणजे इथे जन्मलेल्या, इथलाच पासपोर्ट असलेल्या आपल्या मुलींना राष्ट्रीय संघ एकच, अमेरिकेचा. माझी मुलगी तिथवर पोचेल असं मी म्हणत नाही. पण तो संघ तिचा आहे, हे तिला आपल्याच माणसांकडून कळायला हवं. आपण मात्र मुलगी नववीत गेली की म्हणतो, "आता खेळ पुरे, सॅटचं बघ." मीही एकदा म्हटलं होतं. तिने चेंडू कपाटात ठेवला आणि चार दिवस धड बोलली नाही. पाचव्या दिवशी मीच तो काढून तिच्या हातात दिला.

माझी विनंती एवढीच: पुढच्या अधिवेशनात एक दुपार मुलींच्या बास्केटबॉलला द्या. नाटकाला जशी आपण गर्दी करतो, तशी त्या कोर्टभोवती करू. आणि सतरा वर्षांखालच्या मुलींचा पुढचा विश्वचषक आला की मराठी शाळांच्या वर्गांत मोठ्या पडद्यावर सामना लावा.

कोर्ट मिळवायची धावपळ मी करते. गुण मांडायला दोन आया तयार आहेत. तारीख तेवढी कळवा.

आपली,
एक आई